बरोबर किती वाजले?

गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला, तो माझ्यासाठी मनगटी घड्याळ घेऊन आला. घड्याळ म्हणजे स्मार्टवॉच. पावले मोजणारे, नाडी मोजणारे, फोन आला की मनगटाला गुदगुल्या करणारे. "बाबा, आता ते जुने घड्याळ कपाटात ठेवा," तो म्हणाला. जुने घड्याळ म्हणजे एच.एम.टी.चे 'जनता'. मी कॉलेजात गेलो तेव्हा, १९८८ साली, वडिलांनी बऱ्हाणपूरच्या बाजारातून ते घेऊन दिले होते. रोज सकाळी चहाच्या आधी त्याला किल्ली द्यायची आणि आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वी जे ठोके पडतात त्यांवर ते लावून घ्यायचे, हा आमच्या घरचा नेम. दिवसाकाठी ते अर्धा मिनिट मागे पडे. वडील म्हणत, "घड्याळ आहे, देव नाही. रोज विचारपूस करावी लागते."

नव्या घड्याळाला अशी विचारपूस लागत नाही. ते फोनकडून वेळ घेते, फोन इंटरनेटवरून घेतो. मुलाने मला फोनवर शेदीडशे डायली दाखवल्या. फुलांच्या, देवांच्या, नुसत्या आकड्यांच्या, काट्यांच्या. मी काट्यांची निवडली. एक तर सवय, आणि दुसरे म्हणजे चाळिशी. चष्म्याशिवाय मला बारीक आकडे दिसत नाहीत, पण काट्यांमधला कोन दिसतो. त्या डायलच्या खालच्या बाजूला एका लहानशा चौकटीत आकड्यांतही वेळ होती, अगदी सेकंदांसह. ती पाहायची तर चष्मा लावावा लागे. तो मी लावू लागलो, आणि तिथूनच पुढचे सगळे घडले.

आमची शाळा साडेदहाला भरते. देडतलाई हे गाव बऱ्हाणपूर-धारणी रस्त्यावरचे. इथून थोडे पुढे गेले की महाराष्ट्र आणि मेळघाट. शाळेत हिंदी, बऱ्याच घरांत मराठी, पाड्यांवर कोरकू. मुले तीनचार किलोमीटरवरून पायी येतात. इतकी वर्षे साडेदहा म्हणजे शिपाईदादांनी घंटा देऊन प्रार्थनेच्या रांगा लागेपर्यंतचा वेळ असे. जनता घड्याळात तेवढी जागा होती. नवे घड्याळ आल्यावर मी फाटकापाशी चष्मा लावून उभा राहू लागलो. चौकटीत साडेदहावर शून्य सेकंद झाले की फाटक बंद. आठवड्याभरात उशिरा येणारी मुले निम्म्यावर आली. मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. हातात अचूक साधन आले की आपणही अचूक झालो, असे माणसाला वाटू लागते.

नववीतला एक मुलगा पाड्यावरून यायचा. तो दोनदा अडला, दोनदा मी समज देऊन आत घेतला. तिसऱ्यांदा तो धापा टाकत आला तेव्हा माझ्या चौकटीत साडेदहा वाजून चाळीस सेकंद झाले होते. मी म्हटले, "परत जा. उद्या वडिलांना घेऊन ये." त्याने वाद घातला नाही. फक्त मनगट पुढे केले आणि म्हणाला, "सर, मेरी घड़ी में अभी साढ़े दस नहीं बजे."

त्याच्याही मनगटावर चौकोनी पडद्याचे घड्याळ होते. जत्रेत मिळते तसले स्वस्तातले. पडद्यावर मोठा गुलाब, त्यावर दोन सोनेरी काटे. आकडे नाहीत, मिनिटांच्या खुणा नाहीत, दोन्ही काट्यांची लांबी जवळजवळ सारखी. त्या डायलवर साडेदहाला दोन कमी आहेत की साडेदहा वाजून दोन मिनिटे झाली, हे कोणालाच सांगता आले नसते. मी ते पाहून हसलो. बाकीची मुलेही हसली. तो परत गेला आणि पुढे नऊ दिवस आला नाही.

त्या नऊ दिवसांतच मला दुसरी गोष्ट कळली. माझा फोन दहाबारा दिवस दुरुस्तीला होता. तो परत आला, घड्याळाला जोडला आणि माझ्या डोळ्यांदेखत चौकटीतली वेळ पाऊण मिनिट मागे सरकली. म्हणजे इतके दिवस घड्याळ स्वतःच्या अंदाजाने चालले होते आणि थोडे थोडे पुढे गेले होते. तो मुलगा फाटकापाशी आला त्या दिवशी ते नेमके किती पुढे होते, हे आता सांगता येणार नाही. तो उशिरा आला होता की वेळेवर, हेही सांगता येणार नाही. सांगता येते ते इतकेच, की चाळीस सेकंदांचा हिशेब दाखवून मी त्याला परत पाठवले आणि तो हिशेब करायचा अधिकार माझ्या घड्याळाला नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. घड्याळाचा खरेपणा कशात असतो? ते बरोबर असण्यात की ते नीट वाचता येण्यात? आणि माणसाच्या खरेपणाचे काय?

आम्ही शिक्षक उत्तरपत्रिका तपासताना दोन गोष्टी बघतो. उत्तर अचूक आहे का, आणि अक्षर सुवाच्य आहे का. अक्षर मोत्यासारखे आणि उत्तर चुकलेले, असा विद्यार्थी असतो. उत्तर बरोबर पण अक्षर असे की खुद्द लिहिणाऱ्यालाही लागू नये, असाही असतो. घड्याळांचे तसेच आहे. गुलाबाची डायल आतून कदाचित बरोबर चालत असेल, पण ती सुवाच्य नव्हती. माझी चौकट सुवाच्य होती, चष्मा लावला की सेकंदापर्यंत, पण अचूक नव्हती. त्यातही दुसऱ्या प्रकारची चूक अधिक घातक, कारण तिच्याविषयी संशय येत नाही. धूसर काटा पाहणारा म्हणतो, "साडेदहा होत आले असतील." ठळक आकडा पाहणारा म्हणतो, "साडेदहा वाजून चाळीस सेकंद." त्याच्या बोलण्यात 'असतील' उरत नाही. आकडा बारीक झाला म्हणजे तो खरा झाला, अशी आपली समजूत होते. शेवटच्या दोन आकड्यांनी मला जे सांगितले ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते.

आपले पूर्वज वेळेच्या बाबतीत ढिले होते, असे आपण समजतो. बऱ्हाणपूरची जामा मशीद ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिथला संस्कृत शिलालेख आठवेल. फारुकी घराण्यातल्या आदिलशहाने ती बांधली, आणि अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरवला. त्यात संवत १६४६ आणि शके १५११ आहे, म्हणजे इसवी सन १५९०. पण वर्षावर तो लेख थांबत नाही. महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, आणि तिथी-नक्षत्र किती घटका होते, हेसुद्धा दगडात कोरले आहे. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दिवसरात्रीच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, एक पळ चोवीस सेकंदांचे. पाण्याच्या घंगाळात तळाशी भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नातले घटिकापात्र आपल्यापैकी वयस्कर मंडळींनी पाहिले असेल. तेव्हा सूक्ष्मतेची हौस आपल्याला नवी नाही. पण ती सूक्ष्मता कुठे वापरायची याचे तारतम्य होते. मुहूर्ताला पळे, आणि पाहुण्याला "सांजवेळी या."

याच घटकेशी संबंधित एक गंमत मी दरवर्षी नववीच्या भूगोलात सांगतो. १ जानेवारी १९०६ पासून आपल्या देशात साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची प्रमाणवेळ आली. तो रेखांश अलाहाबादेजवळून, म्हणजे आजच्या प्रयागराजजवळून जातो. आमचा भाग साधारण साडेशहात्तर रेखांशावर आहे. सहा अंशांचा फरक, प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणजे चोवीस मिनिटे. त्या रेखांशावर सूर्य माथ्यावर आल्यानंतर आमच्याकडे यायला त्याला साधारण एक घटका लागते. जगातले सर्वांत अचूक घड्याळ देडतलाईत बाराचा ठोका देईल तेव्हा सरासरीने सूर्याला माथ्यावर यायला एक घटका बाकी असते. मग ते घड्याळ खोटे का? नाही. सगळ्या देशाने एकमेकांशी केलेला तो करार आहे, आणि करार पाळणे हाही खरेपणाच. पण सावली पाहून घरातून निघणारा म्हातारा खोटा, असेही म्हणता येत नाही.

मुंबईकरांनी या करारावर मोठा वाद घातला होता. १८८१ साली सरकारने तिथे मद्रासची वेळ लागू करून पाहिली, लोकांनी ती मानली नाही. पुढे प्रमाणवेळ आली तरी शहरातली काही घड्याळे तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली 'मुंबईची वेळ' दाखवत राहिली, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे. कारखान्याचा भोंगा एका वेळेवर, आगगाडी दुसऱ्या. आपली वेळ सूर्याची असावी की सरकारची, हा तिथे मानापमानाचा प्रश्न झाला होता. "बरोबर किती वाजले?" या साध्या विचारण्यामागे "कोणाच्या घड्याळात?" हा दुसरा प्रश्न नेहमीच दडलेला असतो, हे त्यावरून ध्यानात येते.

यंत्राच्या अंगाने पाहिले तर अचूकतेचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. एच.एम.टी.ने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळे करायला सुरुवात केली. त्या किल्लीच्या घड्याळांत दिवसाला दहावीस सेकंदांची चूक कोणी मनावर घेत नसे. २५ डिसेंबर १९६९ला जपानच्याच सैको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढले. त्याची चूक महिन्याला पाच सेकंदांच्या आत. आज बहुतेक घड्याळांत गारेचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो, तोच एक सेकंद. माझ्या मनगटावरच्या घड्याळातही तसलाच तुकडा आहे. फोन जवळ असला की ते चूक सुधारून घेते, नसला की सुटते. म्हणजे वडिलांचा नेम अजून चालूच आहे. रोजची विचारपूस आता माणसाच्या ऐवजी फोन करतो, एवढाच बदल. ती थांबली की नवे घड्याळही जुन्यासारखेच भरकटते. फरक असा, की जुने भरकटणार हे मला माहीत होते.

आता सुवाच्यतेकडे वळू. काट्याची डायल वाचणे म्हणजे काय, हे मी त्या नऊ दिवसांत कंपासपेटी घेऊन तपासले. मिनिटकाटा मिनिटाला सहा अंश सरकतो, तासकाटा अर्धा अंश. मनगटी घड्याळात मिनिटकाट्याचे टोक मध्यापासून दीड सेंटीमीटरवर असते असे धरले, तर एक मिनिट म्हणजे परिघावर जेमतेम दीड मिलीमीटर. शाळेतल्या भिंतीवरच्या घड्याळात, जिथे काटा बारा सेंटीमीटर लांब आहे, तिथे हेच मिनिट सव्वा सेंटीमीटरचे होते. दीड मिलीमीटर जागेत मिनिट ओळखायचे तर टोक अणकुचीदार हवे, काठावर साठ खुणा हव्यात आणि दोन काट्यांच्या लांबीत ठसठशीत फरक हवा. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. माझ्या 'जनता'चा काटा थेट मिनिटांच्या पट्टीवर जाऊन टेकतो.

स्मार्टवॉचच्या पडद्यावर काटे खरे नसतात, काढलेले असतात. हे सोयीचेही आहे आणि धोक्याचेही. सोयीचे अशासाठी, की काढणाऱ्याच्या मनात असेल तर काटा हव्या त्या जागी नेमका काढता येतो. धोका असा, की मनात नसेल तर कसाही काढता येतो. काही डायलींवर तासकाटा दर बारा मिनिटांनी एकदम उडी मारतो, त्यामुळे मधल्या वेळी दोन काट्यांचा मेळ बसत नाही. काहींवर पावले, नाडी, हवामान यांची चक्रे इतकी दाटलेली, की काटा त्यांच्या गर्दीत हरवतो. काहींवर विजेची बचत म्हणून पडदा मंद झाला की सेकंदकाटा नाहीसा होतो. तुम्हाआम्हाला त्याचे काही नाही, पण रुग्णाची नाडी बोटाखाली धरून अर्धा मिनिट मोजणाऱ्या परिचारिकेला तोच काटा हवा असतो. आणि भर उन्हात, सायकलच्या हँडलवर हात असताना, कित्येक पडदे काळेच दिसतात. लाखाचा भाग मोजणारे यंत्र आणि "वाजले तरी किती?" म्हणून विचारणारा त्याचा मालक, असे दृश्य मी आमच्या बसथांब्यावर पाहिले आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो माझ्याच शाळेतल्या गणिताच्या तरुण शिक्षकांनी घेतला. ते म्हणाले, "सर, ज्या यंत्राला सेकंदाचा भाग ठाऊक आहे त्याने मुद्दाम काटे काढून दाखवायचे, ही एक प्रकारची फसवणूकच नाही का? आकडा सरळ आहे. काटा म्हणजे जुन्याचा मोह." आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही. आगगाडी सुटायची असेल, औषधाची वेळ नोंदवायची असेल, तर आकडाच बरा. १०:२७ हे १०:२७ आहे, त्यात वाचणाऱ्याच्या नजरेचा दोष शिरत नाही.

पण माणूस घड्याळात दर वेळी "किती वाजले" हे विचारतच नाही. परीक्षेला बसलेली मुलगी विचारते, "उरले किती?" स्वयंपाकघरातली आई विचारते, "डबा व्हायला वेळ आहे ना?" या प्रश्नांना आकडा थेट उत्तर देत नाही. वजाबाकी करावी लागते. काट्याच्या डायलवर गेलेला वेळ आणि उरलेला वेळ दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, भाकरीच्या खाल्लेल्या आणि उरलेल्या भागासारखे. आकडा एक टिंब दाखवतो, काटा त्या टिंबाचे नाते दाखवतो. यंत्राला दोन्ही येत असताना त्याने माझ्या प्रश्नाला साजेसे उत्तर दिले तर ती फसवणूक कशी? शिक्षकालाही विषय पदवीपर्यंत येत असतो, पण पाचवीच्या वर्गात तो पाचवीला समजेल असेच बोलतो. ते खोटे बोलणे नसते. अट एकच. सोपे करताना चुकीचे करू नये.

या अटीचे एक सुरेख उदाहरण स्वित्झर्लंडच्या रेल्वे स्थानकांवर आहे. तिथले घड्याळ १९४४ साली हान्स हिल्फिकर नावाच्या इंजिनियरने आखले. पांढरी तबकडी, काळे जाड काटे, आकडे नाहीत पण खुणा अशा ठसठशीत, की फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून वाचता याव्यात. पुढे त्याला गार्डाच्या तबकडीसारखा लाल सेकंदकाटा जोडला. हा काटा साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि बाराच्या खुणेवर थबकतो. मुख्य घड्याळाकडून मिनिटाचा इशारा आला की सगळ्या स्थानकांवरचे मिनिटकाटे एकदम पुढे सरकतात. म्हणजे त्या घड्याळाचा सेकंद खऱ्या सेकंदाहून थोडा लहान आहे. कडक तर्काने पाहणारा म्हणेल, घड्याळ खोटे. पण गाडी मिनिटाला सुटते, आणि मिनिट सर्व देशात एकच आहे. जिथे खरे असायला हवे तिथे ते काटेकोर खरे आहे. त्या डायलची ऐट पुढे फोन बनवणाऱ्या ॲपल कंपनीलाही आवडली, आणि २०१२ साली तिला स्विस रेल्वेकडून रीतसर परवानगी विकत घ्यावी लागली.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच बजावले आहे, की विषयाच्या जातीत जेवढा काटेकोरपणा मावतो तेवढाच सुशिक्षित माणसाने मागावा. गणितात अंदाज चालणार नाही आणि वक्तृत्वात सिद्धांत मागू नये. एम.ए.ला हे वाचले तेव्हा मला ते पळवाटेसारखे वाटले होते. फाटकापाशी उभा राहिल्यावर त्याचा अर्थ कळला. चार किलोमीटर चालून येणाऱ्या मुलाच्या येण्यात चाळीस सेकंद मावत नाहीत. वाटेत नाला आहे, गुरे आहेत, धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडायचे आहे. त्याच्या चालण्याला मिनिटांची माप लागू होते, सेकंदांची होत नाही. मी सोनाराच्या तराजूत कापूस तोलत होतो.

यावर कोणी म्हणेल, मुख्याध्यापकच असे बोलू लागले तर शिस्त संपली. ही भीती मला स्वतःला आहे. 'अंदाजे' या शब्दाखाली आपल्याकडे किती आळस लपतो, हे तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. अकराला येणारे साहेब "साडेदहाच्या सुमारास" आलेले असतात. धूसर डायल नेहमी बलवानाच्या बाजूने वाचली जाते, हेही तितकेच खरे. म्हणून मला काट्याची भलावण करताना अंदाजपंचेची भलावण करायची नाही. माझे म्हणणे इतकेच, की अचूकपणा आणि सुवाच्यता हे दोन वेगळे गुण आहेत आणि दोन्ही लागतात. अचूकपणा हे सत्याशी असलेले आपले कर्तव्य. सुवाच्यता हे दुसऱ्या माणसाशी असलेले. नियम करणाऱ्याने स्वतः सेकंद पाळावा. ज्याच्यावर नियम लावायचा त्याला तो दिसेल, वाचता येईल आणि पाळता येईल, एवढ्या मापाचा करावा. मी मात्र उलट केले होते. घड्याळ माझ्या मनगटावर, चष्मा माझ्या डोळ्यांवर, आणि दंड त्याच्या माथी.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने लक्षात आली, आणि ती आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांसाठी महत्त्वाची आहे. काट्याची डायल आपल्या बोलण्यातही आहे. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे शब्द आकड्यांचे नाहीत, भागांचे आहेत. 'पावणेदहा' म्हणणारा माणूस नऊ ओलांडून दहाकडे पाहत असतो. पाव उरला आहे, हे त्या शब्दातच सांगितलेले असते. हिंदीतही सवा, साढ़े, पौने, डेढ़, ढाई आहेत, म्हणून या बाबतीत आपली दोन्ही घरे एकाच भिंतीची. आमच्या वडिलांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा पाठ केली होती. आज मी आठवीच्या वर्गात विचारले, "पौने दस बजे म्हणजे किती?" तर निम्मी मुले साडेदहा म्हणाली, काही गप्प बसली. त्यांना 'नाइन फोर्टी-फाइव्ह' येते. मराठी विसरून हिंदी आली, किंवा हिंदी विसरून मराठी राहिली, असे झाले नाही. दोन्ही भाषांतून एकदमच एक खोली रिकामी झाली.

हे आपल्याच मुलांचे दुर्दैव आहे असेही नाही. २०१८ साली इंग्लंडमधून बातमी आली होती, की काही शाळांनी परीक्षेच्या दालनातली काट्यांची घड्याळे काढून आकड्यांची लावली, कारण मुलांना काटे वाचता येत नाहीत आणि ती घाबरी होतात. मुलांची सोय पाहिली, हे चांगलेच. पण मला वाटते, घड्याळ बदलण्याआधी आठ दिवस काटे शिकवून पाहायला हरकत नव्हती. आपल्याकडे तर परीक्षेच्या दालनात स्मार्टवॉच नेताच येत नाही. तिथे भिंतीवरचे काटे वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. ज्या मुलीला ते वाचता येत नाहीत ती शेवटच्या प्रश्नापाशी असताना "अजून तास आहे" अशा समजुतीत राहू शकते. अशा वेळी सव्वा आणि पावणे यांतला फरक भाषेचा राहत नाही, गुणपत्रिकेचा होतो.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी पाड्यावर गेलो. मुलाचे वडील शेतावरून नुकतेच आले होते. घरात घड्याळ नव्हते. मुलाला ते गुलाबाचे घड्याळ त्यांनीच घेऊन दिले होते. शाळेत उशीर होतो म्हणून मास्तर रागावतात, असे तो म्हणाला होता, म्हणून. हे ऐकून मला खाली बसावे लागले. मी त्यांना फोनचा, पाऊण मिनिटाचा सगळा प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "तो सर, घड़ी आपकी भी ग़लत थी?" मी म्हटले, "हाँ, मेरी भी." ते म्हणाले, "चलो, फिर कल से भेजता हूँ." मुलगा दाराआड उभा होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर, ज्या मुलांसमोर मी हसलो होतो त्यांच्यासमोर, माझे घड्याळ चुकले होते हे मी सांगितले. मुले हसली नाहीत. मुख्याध्यापक चुकला तर हसावे की नाही, हे त्यांना ठरवता आले नसावे.

आता फाटकावर एक मोठे भिंतीचे घड्याळ आहे. काट्यांचे, साठ खुणांचे, रस्त्यावरून दिसेल असे. दर सोमवारी आम्ही ते फोनवरच्या वेळेशी लावून घेतो, आणि ते काम नववी-दहावीतली मुले पाळीपाळीने करतात. साडेदहाच्या खुणेपासून पुढे पाच मिनिटांची पट्टी लाल रंगाने रंगवली आहे. काटा लाल पट्टीत असेतो फाटक उघडे, पट्टी ओलांडली की बंद. मग तो शिक्षक असो, विद्यार्थी असो की मी. पहिल्याच महिन्यात एकदा मी बाहेर राहिलो आणि दुसऱ्या तासाला आत आलो.

ते स्मार्टवॉच मी अजून वापरतो. काट्यांची डायल ठेवली आहे, खालची सेकंदांची चौकट काढून टाकली. मुलगा आता दहावीत आहे. आठवड्यातून एकदोनदा तो लाल पट्टीतच येतो. येताना माझ्याकडे पाहत नाही, घड्याळाकडे पाहतो.